प्रतिसाद: माकडतापाचं उदाहरण घ्या

वर म्हटलंय ना, की नवे रोग येतात ते लोक वाट्टेल ते प्राणी खातात म्हणून, ते अर्धंच खरं आहे हो. आपल्या शेजारचा माकडताप बघा, यात कोणी काही खाल्लेलं नाही. १९५७ साली शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात माकडं पटापट मरायला लागली, पाठोपाठ माणसं तापाने फणफणली, आधी संशय पिवळ्या तापाचा आला, पण पुण्याच्या व्हायरस लॅबने (आताची एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शोधला तो वेगळाच व्हायरस निघाला, गोचिडीतून पसरणारा.

आता यात माणसाचा हात कुठे, तर जंगल तोडून शेती आणि बागा केल्या, गुरं आत चरायला सोडली, गोचिडीला गुरांचं आयतं रक्त मिळालं आणि ती वाढली. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी तिथेच खाली पडतात आणि पुढच्याची वाट बघतात. २०१५ला गोव्यात सत्तरी तालुक्यात, २०१६ला आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात माकडताप आला, दोन्हीकडे काजूचा सीझन. माझी मावशी तिकडचीच, बी गोळा करायला वाकायचं म्हणजे हात थेट पातेऱ्यात (वाळक्या पाल्यात), आणि चावतात ती गोचिडीची बारकी पिल्लं, खसखशीएवढी, दिसतात कुठे. डॉक्टरपण आधी मलेरिया, डेंग्यूच बघतात.

त्यामुळे नुसतं चीनच्या प्राण्यांच्या मार्केटकडे बोट दाखवून काय उपयोग, आपल्या काजूच्या बागेचं काय?