परक्या घरातलं पहिलं ताट : शाळेच्या वयात परदेशी शिकायला गेलेल्यांचे अनुभव

आम्ही नाशिकचे. लेक 16 वर्षांची आहे आणि ऑगस्टमध्ये एका वर्षासाठी जर्मनीला निघाली आहे. तिथल्या एका कुटुंबात राहायचं आणि तिथल्याच शाळेत जायचं. व्हिसा, विमा, थंडीचे कपडे याबद्दल भरपूर माहिती मिळाली. मला हवंय ते मात्र कुणी सांगत नाही. परक्या घरात पहिल्या दिवशी जेवायला बसल्यावर काय होतं? वर्गात पोर कुठे अडखळते? कुठली गोष्ट पाहून आपलं घर एकदम वेगळं दिसायला लागतं?

नोकरीला किंवा एमएसला गेलेल्यांचे अनुभव पुष्कळ वाचले. पण 15 ते 19 हे वय निराळं. तोवर आपल्या घरात जे चालतं तेच सगळ्या जगात चालतं असं मुलांना वाटत असतं. म्हणून त्या वयात जे गेले त्यांनीच लिहावं ही विनंती. छोटं असलं तरी चालेल, पण स्वतःचं असावं.

जर्मनी. कोल्हापूरहून गेलो, तेव्हा वय 16

ताई, पहिल्या ताटाचंच सांगतो. मी लोअर सॅक्सनीतल्या एका लहान गावात होतो. संध्याकाळी साडेसहाला जेवण, आणि तेही गार. ब्रेड, लोणी, चीज, काकडीचे काप. शिजवलेलं ते बहुतेक दुपारी खातात. यजमान काकूंनी ब्रेडची टोपली पुढे केली, "अजून घेणार?" म्हणून विचारलं. मी 'नको' म्हणालो. आपल्याकडे पहिलं 'नको' कुणी धरतच नाही. आई तीनदा विचारते, मामी तर न विचारता वाढते. काकूंनी मात्र टोपली उचलून आत ठेवली. दोन रात्री मी अर्धपोटी झोपलो. तिसऱ्या रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा त्या स्वयंपाकघरातच होत्या. त्यांनी सरळ विचारलं, "भूक लागली आहे का?" आणि मला रडू फुटलं. त्यांना फार लागलं ते. म्हणाल्या, "तू नको म्हणालास, मी तुझं ऐकलं." पुन्हा पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, असं त्यांच्याकडे मानतात. त्या रात्री आम्ही दोघांनी बसून ब्रेड आणि जॅम खाल्लं.

शाळेत धक्का बसला तो गुणांचा. तिथे 1 हा सगळ्यात चांगला शेरा आणि 6 सगळ्यात वाईट. गणिताच्या लेखी परीक्षेत मला 1 मिळाला आणि प्रगतिपत्रकावर 3 आला. कारण वर्गात बोलण्याला गुण असतात, आणि ते थोडेथोडके नसतात. बाई म्हणाल्या, "सहा महिन्यांत तुझं मत मला एकदाही कळलं नाही." मोठ्यांसमोर गप्प बसतो म्हणून घरी माझं कौतुक व्हायचं. मुलीला सांगा, उत्तर चुकलं तरी हात वर करायचा.

आणि वाढदिवसाच्या आदल्या दिवशी कुणालाही शुभेच्छा देऊ नये म्हणावं. तिथे तो अपशकुन समजतात.

नेदरलँड्स. वय 17

मी थोडंच लिहितो. तिथे संडासात भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. माझं नाव त्यात पेन्सिलने नाही, पेनाने लिहिलं होतं. वाढदिवसाला सगळे खुर्च्या मांडून गोल बसतात आणि येणारा पाहुणा ज्याचा वाढदिवस त्याचंच नाही, तर त्याच्या आईवडिलांचं, भावंडांचं, आजीचंसुद्धा अभिनंदन करतो. माझ्या यजमान भावाच्या वाढदिवसाला शेजारच्या आजोबांनी माझाही हात हातात घेऊन अभिनंदन केलं. त्या क्षणी मी त्या घरातला झालो.

जपान. साताऱ्याहून, वय 17

शाळा सुटायच्या आधी रोज पंधरा-वीस मिनिटं सफाई. शिपाई नाही, मावशी नाहीत. मुलं डोक्याला फडकं बांधून वर्ग झाडतात, ओल्या फडक्याने ओणवं होऊन लांबलचक व्हरांडा पुसतात. आठवड्यांच्या पाळ्या असतात. दुसऱ्याच आठवड्यात आमच्या गटाची पाळी संडासांवर आली.

मी दारात उभी राहिले. पाय आत टाकवेना. बरोबरच्या मुलीला वाटलं की ब्रश कुठे ठेवतात ते मला माहीत नाही, तिने तो आणून हातात दिला. आमच्या वर्गशिक्षिका आधीच गुडघे टेकून कोपरा घासत होत्या आणि घासता घासता मुलींशी परवाच्या बेसबॉलच्या सामन्याबद्दल बोलत होत्या.

सांगायला जड जातं, पण सांगते. आमच्या गावच्या घरी संडास साफ करायला येणाऱ्या मावशी मागच्या दाराने येतात. त्यांचा कप वेगळा. तो मोरीजवळच्या कोनाड्यात पालथा असतो. तो कुठे असतो हे मला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं. तिथे का असतो, हे मी सतराव्या वर्षापर्यंत कुणाला विचारलं नव्हतं. त्या दिवशी ब्रश हातात घेतल्यावर मला तो कप दिसला. किनारीचा निळा रंग गेलेला, कान तुटलेला.

परत आल्यावर पहिल्या सुट्टीत गावी गेले आणि तो कप घासून मांडणीत बाकीच्या कपांशेजारी ठेवला. आजीने दुपारी काढून पुन्हा कोनाड्यात ठेवला. मी संध्याकाळी पुन्हा मांडणीत ठेवला. आजी माझी फार लाडकी आहे, आणि ह्या बाबतीत मी मागे हटणार नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. तिथे अंघोळीच्या टबातलं गरम पाणी घरातले सगळे एकामागून एक वापरतात. बाहेर साबण लावून, अंग स्वच्छ धुवूनच आत बसायचं असतं. पाहुणा म्हणून पहिला मान माझा होता, तरी माझ्यानंतर त्याच पाण्यात काका बसणार ह्या विचाराने मी महिनाभर टबात शिरलेच नाही. आणि मी डब्यातला अर्धा खाल्लेला लाडू मैत्रिणीपुढे केला तेव्हा ती तितकीच गोंधळली. उष्टं कशाला म्हणायचं हे प्रत्येक घराचं वेगळं असतं.

शाकाहारी मुलांच्या आयांसाठी : तिथे नुसत्या भाजीच्या रश्शातही बहुतेक वेळा माशाचं पाणी असतं. माझ्या यजमान काकूंनी माझ्यासाठी समुद्रातल्या शेवाळाचं आणि वाळवलेल्या अळंबीचं पाणी वेगळं करायला सुरुवात केली. कोम्बू आणि शिताके ही नावं लिहून ठेवा, उपयोगी पडतील.

अमेरिका, ओहायो. सोलापूर जिल्ह्यातून, वय 16

वरच्या ताईने कपाचं लिहिलं, म्हणून मलाही धीर आला.

पहिल्या महिन्यात पाळी आली आणि मी घरी करायचे तेच केलं. स्वयंपाकघरात गेले नाही, ताट खोलीत नेलं, सोफ्यावर बसले नाही. दुसऱ्या दिवशी यजमान काकू दारावर टकटक करून आत आल्या. त्यांना वाटलं होतं की मला बरं नाही किंवा त्यांचं काही चुकलंय. मी सांगितलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुला जसं बरं वाटेल तसं कर. पण ह्या घरात तू कधीही कुठेही बसू शकतेस." उपदेश केला नाही, आमच्याकडच्या रीतीला नावं ठेवली नाहीत. त्याच संध्याकाळी काका दुकानातून आले, तेव्हा दूध, अंडी आणि पॅडचं पाकीट एकाच पिशवीत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं नव्हतं, काळ्या पिशवीत नव्हतं. त्यांनी ते दुधाशेजारी ओट्यावर ठेवलं. मी कितीतरी वेळ त्या पाकिटाकडे बघत राहिले.

एक गोष्ट मात्र मला आजही पटत नाही. काकूंची आई गाडीने दहा मिनिटांवर एकटी राहायची. रविवारी सगळे तिला भेटायला जायचे. तिला तसंच आवडतं असं सगळे म्हणत, तीसुद्धा म्हणे. पण मी बुधवारी शाळेनंतर तिच्याकडे जायला लागले तेव्हा तिने बुधवारसाठी वेगळा केक करायला सुरुवात केली.

बोस्निया, मोस्तार. औसा तालुक्यातून, वय 16 ते 18

मी युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये होतो, म्हणजे देशोदेशीच्या मुलांसाठीच्या निवासी शाळेत. मुळशीजवळचं महिंद्र कॉलेज बऱ्याच जणांना माहीत असेल, ते 1997 सालचं. त्याच परिवारातलं मोस्तारचं कॉलेज 2006 साली सुरू झालं. शहराच्या जुन्या गिम्नाझियाच्या, म्हणजे माध्यमिक शाळेच्या, इमारतीतच ते भरतं. 1992 ते 1995 च्या बोस्नियाच्या युद्धात ही इमारत ऐन आघाडीवर होती. तिथे आमच्याबरोबर गावातली मुलंही शिकतात. बोस्नियाक (तिथल्या मुस्लिम) मुलांचा अभ्यासक्रम वेगळा, क्रोएट (कॅथलिक) मुलांचा वेगळा. छप्पर एक आणि इतिहासाची पुस्तकं दोन. दोन्हीकडची मुलं एकाच फाटकातून आत येतात आणि वेगवेगळ्या वर्गांत जातात, हे मी दोन वर्षं रोज पाहिलं.

मी सुरुवातीला फार घाबरलेला होतो. लातूरच्या पलीकडे एकट्याने गेलो नव्हतो. धीर दिला तो शब्दांनी. दुकानात साखर मागायला गेलो तर साखरेला 'शेचेर', चहाला 'चाय', साबणाला 'सापुन'. पिशवीला 'केसा' म्हणतात, तो आपल्या खिशाचाच भाऊ. तुर्की अमलात काही शब्द तिकडे गेले, काही फारसीतून इकडे आले, आणि मी दोन्हीकडे उभा.

दुकानाच्या पायरीवर बसलो की आतून आजी ओरडायच्या, "गार दगडावर बसू नकोस." सगळ्या बोस्नियात ही भीती आहे. गार फरशी आणि दारा-खिडकीतून येणारा वारा, ह्या दोन गोष्टींनी माणूस आजारी पडतो म्हणतात. माझी आई अगदी तेच म्हणते. घरात शिरताना चपला बाहेर, आणि पाहुण्यापुढे लगेच घरातल्या सपाता. मग तांब्याच्या दांडीच्या भांड्यात कॉफी. ती पटकन पिऊन उठणं म्हणजे अपमान. तास दीड तास बसायचं, बोलायचं.

ह्या आजी बोलताना सारखं म्हणायच्या, "प्रिये राता." म्हणजे युद्धाच्या आधी. युद्धाआधी इथे झाड होतं, युद्धाआधी हे शेजारी ह्या गल्लीत राहायचे. मी विचारलं, तुमचा जुना पूल कधी पडला? तोफगोळ्यांनी तो 9 नोव्हेंबर 1993 ला नदीत कोसळला.

आमच्या गावात सगळे म्हणतात, 'भूकंपाच्या आधी'. भूकंपाच्या आधी आपला वाडा होता, भूकंपाच्या आधी वेस इथे होती. किल्लारीचा भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा. मध्ये जेमतेम सहा आठवडे. माझा जन्म नंतरचा. मी वाढलो तो नव्या वसाहतीत, सरळ रस्त्यांच्या, सारख्या घरांच्या. जुन्या गावाच्या जागी बाभळी आहेत आणि वडील मला तिथे नेऊन रिकाम्या जागेकडे बोट दाखवतात, इथे देवघर होतं.

हे मी आजींना मोडक्यातोडक्या बोस्नियनमध्ये सांगितलं. त्यांनी तारीख दोनदा विचारली. मग आत जाऊन अल्बम आणला. पूल पडायच्या आधीचा त्यांच्या लग्नाचा फोटो, पुलावरचाच. पूल 2004 साली पुन्हा तसाच बांधला, पण त्या त्याला 'नवा' म्हणायच्या. माझी आजीही आमच्या घराला अजून 'नवं घर' म्हणते, तिथे राहायला येऊन इतकी वर्षं झाली तरी.

फरक विचारलेत आणि मी सारखेपणाच लिहिला. एक फरक सांगतो. आमच्याकडे भूकंपाबद्दल सगळ्यांसमोर बोलता येतं. तिथे युद्धाबद्दल कुणासमोर बोलायचं, हे आधी माणूस पाहून ठरवावं लागायचं. ते कळायला मला पूर्ण एक वर्ष लागलं.

सांगली. आमच्याकडे आलेली मुलगी

आमचं कुणी गेलं नाही, पण रोटरीच्या देवाणघेवाणीतून बेल्जियमची 17 वर्षांची मुलगी आमच्याकडे चार महिने होती. ह्या देवाणघेवाणीतली मुलं घालतात तो पिनांनी भरलेला निळा कोट घालून आली. इकडून गेलेल्या मुलांनी लिहिलंय, तर इकडे आलेलीचंही असावं.

पहिल्या दिवशी ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. घरभर चिंता. काय झालं, कोण काय बोललं? सासूबाईंनी तासाभरात चार वेळा दार उघडून पाहिलं. शेवटी तिने अगदी नम्रपणे विचारलं, "मी काही चूक केली आहे का, तुम्ही सारख्या बघायला येता?" आमच्याकडे माणूस दार लावतं ते रुसल्यावर. तिच्याकडे ते रोजचंच. मग ठरलं, दार अर्धं उघडं ठेवायचं. दोघींनी पाळलं.

प्रत्येक पोळीला ती 'थँक्यू' म्हणायची. मला ते परकेपणाचं वाटायचं. निघायच्या आठवड्यात ती माझ्या मुलाला म्हणाली, "तुम्ही आईला कधीच थँक्यू म्हणत नाही, आधी मला राग यायचा. आता कळलं की तुम्ही ताट स्वच्छ करून उठता, तेच ते." मी तेव्हा ओट्याशी होते. मागे वळून पाहिलं नाही, कारण डोळे भरले होते.

नाशिकहून पुन्हा

सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीने रात्री बसून सगळं वाचलं. साताऱ्याच्या ताईंचं दोनदा वाचलं. तिचा एकच प्रश्न आहे : यजमान आईबाबांना हाक काय मारायची? पत्रात त्यांनी स्वतःची नुसती नावं लिहिली आहेत. वयाने माझ्याएवढ्या बाईला नावाने हाक मारायला तिची जीभ रेटत नाही.

कोल्हापूरहून

माझीही रेटत नव्हती. पहिले तीन महिने मी हाकच मारली नाही. काही हवं असलं की त्या जिथे असतील तिथे जाऊन समोर उभा राहायचो, त्यांनी मान वर करेपर्यंत. एकदा त्या बागेत लांब होत्या आणि गॅसवर दूध उतू जात होतं. तेव्हा तोंडातून "काकू!" निघालं, चक्क मराठीत. त्यांनी अर्थ विचारला. मी सांगितला. शेवटपर्यंत मग तेच राहिलं, आणि आजही ईमेलखाली त्या 'काकू' अशीच सही करतात. तिला म्हणावं, पहिल्याच दिवशी विचारून टाक.