स्पायडरविक क्रॉनिकल्स भित्र्या पोरांना दाखवावा का?

झुणकाभाकर_ताई
नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत माझी लेक (वय 7) आणि भाचा (वय 10) दोघं आठवडाभर माझ्या ताब्यात आहेत. मोबाईल काढून घेतला की घर डोक्यावर घेतात म्हणून रोज रात्री एक पिक्चर असं ठरवलंय. जादूच्या शाळेवाले सगळे भाग पाठ झालेत दोघांचे. ऑफिसातल्या एकीने स्पायडरविक क्रॉनिकल्स सुचवला, 2008चा आहे म्हणे, जुनाट घरात राहायला आलेली तीन भावंडं आणि आजूबाजूला न दिसणारे प्राणी. पण ट्रेलर बघितला तर ते बेडकासारखे गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षसच) बघून मलाच दचकायला झालं. लेक महाभित्री आहे, लाईट गेली की गळ्यात येऊन पडते. कुणी मुलांसोबत बघितलाय का? गोष्ट फोडलीत तरी चालेल, मला आधी माहीत असलेलं बरं.

पोहे_विथ_शेव
बिनधास्त दाखवा हो. दीडेक तासाचाच आहे, रटाळ नाही. जुळे भाऊ जॅरेड आणि सायमन, दोघंही फ्रेडी हायमोरच (तोच तो, नंतर गुड डॉक्टर मालिकेत होता), आणि इतकं वेगळं काम केलंय की माझ्या पोराला पिक्चर संपेपर्यंत कळलंच नाही एकच मुलगा आहे म्हणून. एक तापट, एक शांत जनावरवेडा. मोठी बहीण तलवारबाजी शिकलेली, ती तर मुलींना फार आवडते, आमच्याकडे त्यानंतर लाटणं घेऊन दोन दिवस युद्ध चालू होतं. गोष्ट अशी की त्या घरात आधी राहणाऱ्या आर्थर स्पायडरविकने 80 वर्षांपूर्वी या सगळ्या अदृश्य प्राण्यांची बारीकसारीक माहिती एका वहीत लिहून ठेवलेली असते आणि 'वाचू नका' अशी चिठ्ठी लावलेली असते, आता अशी चिठ्ठी असल्यावर कोण वाचणार नाही सांगा. जॅरेड वाचतो आणि मग मुलगारॅथ नावाचा राक्षस ती वही मिळवायला मागे लागतो. घराभोवती अळंब्यांचं रिंगण आहे, त्याच्या आत गॉब्लिनना येता येत नाही, लक्ष्मणरेषा समजा. आणि त्यांच्यावर हत्यार काय तर टोमॅटो सॉस! सॉस लागला की भाजतात. पोरं हसतातच, भीती कुठल्या कुठे.

गावचा_वड
थेटरात बघितलेला, तेव्हा मी चौथीत. त्यात मधे भोक असलेला दगड असतो ना, त्यातून बघितलं की अदृश्य प्राणी दिसतात. मी आणि चुलतभाऊ अख्खा मे महिना नदीवर तसला दगड शोधत होतो. एक सापडला पण. त्यातून फक्त काकू दिसली, काठी घेऊन येताना.

पोहे_विथ_शेव
@गावचा_वड 😂😂 मुलगारॅथ रूप बदलतो, काकू असेलही तोच.

जुनी_वाचक
मी थोडं वेगळं सांगते. मूळ पुस्तकं पाच आहेत, हॉली ब्लॅक आणि टोनी डिटर्लिझी यांची, 2003-04मधली, बारीक बारीक आणि डिटर्लिझीची चित्रं अप्रतिम. पिक्चरमध्ये पाचही एकत्र कोंबलीत त्यामुळे एल्फ आणि ड्वार्फ (परीकथांतले वनवासी आणि बुटके) सगळे गाळून टाकले, वाचणाऱ्याला ते खुपतं. पण प्राणी मनाने रचलेले नाहीत, बरेचसे तिकडच्या लोककथांतलेच आहेत. घरातला थिंबलटॅक हा ब्राउनी. स्कॉटलंडात समजूत अशी की ब्राउनी रात्री गुपचूप घरकाम करतो, त्याच्यासाठी दूध, साय नाहीतर मध ठेवायचा, आणि दुखावला की पाय आपटत निघून जातो किंवा मग बॉगार्ट होऊन छळतो. आपल्या कोकणातल्या राखणदाराला नाही का वर्षाचा मान चुकला की तो बिनसतो, तसलंच हिशेबाचं नातं. पिक्चरमध्ये त्याला मध दिला की राग उतरतो.

आता भीतीचं. गॉब्लिनना मुलं फार घाबरत नाहीत, तेवढं दचकणं चालतं. खरी जड जागा वेगळी आहे आणि ती वर कुणी सांगितली नाही. या मुलांचे आईवडील वेगळे झालेत म्हणूनच ते त्या घरात आलेत. जॅरेडला वाटत असतं बाबा येऊन घेऊन जातील, आईवर सगळा राग. शेवटाकडे बाबा दारात येतात, आणि तो बाबा नसतो, मुलगारॅथ असतो. जॅरेड ते ओळखतो आणि सुरी मारतो. दोन सेकंद पडद्यावर बापाच्या पोटात मुलाने सुरी मारलेली दिसते, मग राक्षस उलगडतो. घरात तसं काही चालू असेल तर मोठ्याने शेजारी बसावं असं माझं मत.

झुणकाभाकर_ताई
जुनी_वाचक, तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. मी मुद्दाम लिहिलं नव्हतं पण भाचा माझ्या धाकट्या बहिणीचा, आणि ती आणि तिचा नवरा जूनपासून वेगळे राहतायत. तो काहीच बोलत नाही त्याबद्दल, फक्त चिडतो. आधी बहिणीला फोन करते.

आजोबा_ऑनलाइन
बाळ, दाखव. नातवंडांसोबत मी पाहिला आहे. मला स्वतःला ल्युसिंडा आत्याची, म्हणजे त्या आर्थरच्या मुलीची, गोष्ट लागली. सहा वर्षांची असताना वडील डोळ्यांदेखत नेले गेले, कुणी विश्वास ठेवला नाही, जन्म वेड्यांच्या दवाखान्यात गेला. शेवटी वडील परततात ते होते तसेच तरुण, आणि म्हातारी पुन्हा सहा वर्षांची होते. चष्मा पुसायला उठावं लागलं. संगीत टायटॅनिकवाल्या जेम्स हॉर्नरचं आहे हेही सांगतो.

झुणकाभाकर_ताई
अपडेट: बघितला. बहीण म्हणाली दाखव, लपवून काय होणारे. मी त्याच्या बाजूलाच बसले. बाबा दारात आला तेव्हा जॅरेडच्या आधी हाच पुटपुटला, "मावशी हा खोटाय." मी म्हटलं कशावरून, तर म्हणे खरे बाबा एवढं गोड बोलतच नाहीत. 🙁 नंतर रात्री झोपताना स्वतःहून विचारलं की माझे बाबा दिवाळीला येणारेत का, मी म्हटलं भाऊबीजेनंतर दोन दिवस तू त्यांच्याकडे जाणारेस, तर "बरं" म्हणून झोपला. जूनपासून पहिल्यांदा विचारलंय.

लेक अजिबात घाबरली नाही!! तो हॉगस्क्वील नावाचा प्राणी डोळ्यांत थुंकतो तेव्हा तर लोळून हसत होती. पण तिने फ्रिजच्या मागे ब्राउनीसाठी मधाची वाटी ठेवली होती ती मला आज सकाळी कळली, ओट्यापासून गॅलरीपर्यंत लाल मुंग्यांची रांग लागलीये, काय करू?

गावचा_वड
हळद टाका रांगेवर. आणि वाटी काढू नका हां, ब्राउनी चिडेल.