मदत हवी आहे: 'ग्रेल'साठी मराठी शब्द कोणता?

'होली ग्रेल'च्या, म्हणजे मध्ययुगीन युरोपीय कथांतल्या पवित्र भांड्याच्या, उगमावर मराठी लेख करते आहे. गाडी एका शब्दावर अडली आहे.

फ्रेंच कवी क्रेतियँ द त्र्वाच्या 'पर्सिव्हल' या काव्यात (१२ व्या शतकाची अखेर) हे भांडे पहिल्यांदा येते, तेही नुसते 'एक ग्राल' म्हणून, म्हणजे सामान्यनामच. एक मुलगी ते दोन्ही हातांत धरून आणते, सोन्याचे, रत्नजडित. पुढे एक साधू कथानायक पर्सिव्हलला सांगतो की त्यात पाइक, लॅम्प्रे किंवा साल्मन मासा असेल असे समजू नकोस, त्यात मिस्साची (ख्रिस्ती उपासनाविधीतली) एकच भाकर आहे. म्हणजे अख्खा मासा मावेल एवढे ते भांडे! हेलिनांद या मठवासीयानेही लॅटिन 'ग्रादालिस'चा अर्थ 'पसरट, थोडे खोल, श्रीमंतांकडे रसासकट उंची पदार्थ वाढायचे भांडे' असा दिला आहे.

येशूच्या शेवटच्या भोजनातले, त्याचे रक्त धरलेले पात्र हा अर्थ १२०० च्या सुमारास फ्रेंच कवी रोबेर द बोरोंने दिला. जर्मन कवी वोल्फ्रामकडे तर ग्राल म्हणजे दगड आहे. त्यामुळे सरसकट 'प्याला' लिहिले की उगमच पुसला जातो.

'तबक' उथळ वाटते, 'परात' म्हटले की कणीक आठवते, 'ताट' एकट्याचे, 'पात्र' फारच मोघम. 'ग्राल' तसाच ठेवून तळटीप देता येईल, पण पहिल्या प्रसंगात वाचकाला भांडे डोळ्यांसमोर दिसायला हवे. धातूचे, पसरट, जरा खोल, पंगतीत रस्सेदार पदार्थ आणायचे, अशा भांड्याला तुमच्याकडे, विशेषतः वसईच्या ख्रिस्ती घरांत किंवा कोकणात, काय म्हणतात?