मदत हवी आहे : बॅस, बेस, बास, बासा यांच्या नोंदी कोशात कशा पाडायच्या?

झाडीतला वाचक
नमस्कार मंडळी. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेसाठी छोटा इंग्रजी-मराठी कोश चालू आहे. वापरणारी पोरं दहावी-बारावीची आणि भरतीची तयारी करणारी. शब्द देवनागरीत, बाराखडीच्या क्रमाने लावायचे आहेत, कारण बरेच जण ऐकलेला शब्द शोधायला येतात, स्पेलिंग हाताशी नसतं.

बी, ए, डबल एस या शब्दावर गाडी अडली. भजन मंडळाच्या ॲम्प्लिफायरवर हाच शब्द आहे, मत्स्यपालनाच्या माहितीपत्रकात माशाच्या नावात आहे, नकाशात ऑस्ट्रेलियाच्या खाली सामुद्रधुनी म्हणून आहे आणि इंग्रजी पुस्तकांत माणसांचं आडनाव म्हणूनही. त्यात नागपूरच्या हॉटेलांत 'बासा' मिळतो, तो आणखी वेगळा की तोच? एका नोंदीखाली चार अर्थ टाकू की चार नोंदी करू? माशाला मराठी नाव कोणतं देऊ?

शब्दवेध
एका नोंदीत कोंबू नका. कोशाचा साधा नियम असा : मूळ एक असेल तर एक नोंद आणि खाली अर्थ १, २, ३. मूळ वेगळं असेल तर स्पेलिंग सारखं असलं तरी नोंदी वेगळ्या.

इथे मुळं वेगळी आहेत. संगीतातला शब्द लॅटिन 'बासुस' म्हणजे ठेंगणा, खालचा, यातून आला. पूर्वी इंग्रजीत तो बी-ए-एस-ई असाही लिहीत. पुढे इटालियन 'बास्सो'च्या प्रभावाने स्पेलिंग बदललं, उच्चार मात्र 'बेस'च राहिला. माशाचं नाव जर्मॅनिक कुळातलं, जर्मन 'बार्श'चं भावंड. त्याचा अर्थ टोकदार, राठ, म्हणजे पाठीवरच्या काट्यांवरून पडलेलं नाव. त्याचा उच्चार 'बॅस'.

तुमचा कोश देवनागरीत लागतोय हे बरंच झालं, उच्चारानेच अर्धं काम होतं : संगीत 'बेस'खाली, मासा 'बॅस'खाली. 'बास' ही वेगळी नोंद, अर्थ पुरे, फारसीतून आलेला. तिच्यात इंग्रजी काही घालू नका, फक्त 'बॅस, बेस पाहा' एवढं लिहा, कारण पोरं स्पेलिंग बघून 'बास'च वाचतात.

'बेस'खाली मात्र गर्दी होईल. बेस १ संगीतातला. बेस २ म्हणजे पाया किंवा तळ, रसायनशास्त्रात आम्लारी. त्याचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं, पण देवनागरीत फरक दिसत नाही. बेस ३ आपल्याकडचा, 'बेस झालं' मधला, चांगलं या अर्थाचा. अभ्यासिका गावात आहे, तर हा तिसरा गाळू नका. अनुवादात सगळ्यात जास्त घोटाळा १ आणि २ मध्ये होतो. 'बेस गिटार'चं भाषांतर 'पायाभूत गिटार' असं छापून येतं. म्हणून दोन्ही नोंदींत इंग्रजी अक्षरं सुटी लिहा : बी-ए-एस-एस आणि बी-ए-एस-ई.

पेटीमास्तर
संगीताचं मी सांगतो. बेस १ खाली 'खालचे, जाड स्वर' ही व्याख्या, आणि पोटात अर्थ :

पुरुषाचा सर्वांत खालचा गाता आवाज. पाश्चात्त्य वर्गीकरणात त्याच्या वर बॅरिटोन, त्याच्यावर टेनर.

वाद्य. डबल बेस म्हणजे व्हायोलिनसारखं दिसणारं, उभं राहून वाजवायचं मोठं वाद्य. बेस गिटार म्हणजे विजेवर चालणारी, सहसा चार तारांची. दोन्हींच्या तारा ई, ए, डी, जी. साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली. सर्वांत खालची ई साधारण ४१ हर्ट्झ.

पेटीचा सूर. हा अर्थ इंग्रजी कोशात सापडणार नाही, पण तुमच्याकडे हाच जास्त लागेल. दुकानदार 'बेस-मेल' किंवा 'बास-मेल' म्हणतात, आपण खर्ज-नर म्हणतो, खर्ज खालचा सूर, नर मधला. दुहेरी, म्हणजे दोन सुरांची पेटी खर्ज-नर किंवा नर-नर असते, तिहेरी असली तर त्यात मादी, म्हणजे वरचा सूरही येतो. खर्जाची आतली धातूची पट्टी (रीड) लांब आणि जड, म्हणून हलक्या भात्यावर ती उशिरा बोलते. शिकाऊ माणसाला वाटतं सूर खराब आहे. आधी भाता नीट भरून बघावा.

ॲम्प्लिफायरचा खटका, म्हणजे खालच्या स्वरांची जोर-मंदी. इथे एक ओळ टीप टाकाच. गावात बहुतेक ठिकाणी लोखंडी भोंगाच असतो. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली काही देतच नाही. बेस फिरवत नेला तर पखवाजाची धूम ऐकू येत नाही, आवाज फाटतो आणि शेवटी भोंग्याचं युनिट जळतं. भोंग्यावर बेस कमीच ठेवायचा. धूम हवी असेल तर मोठ्या शंकूच्या (इंग्रजी 'कोन') स्पीकरचा बॉक्स लागतो. आणि गायक माइकला तोंड लावून गातो तेव्हा बेस आपोआप फुगतो. वीतभर मागे सरकला की शब्द सुटे होतात.

मराठी प्रतिशब्द म्हणून 'खर्ज' चालेल. आपल्याकडे तानपुऱ्यातही खर्जाची तार आहेच. फक्त वाद्यांच्या नावात खर्ज घुसडू नका, 'बेस गिटार'च राहू द्या.

तलावकाठ
माशाचं ऐका भाऊ. बॅस म्हणजे एक मासा नाही. काटेरी पाठीच्या, एकमेकांशी नातं नसलेल्या बऱ्याच माशांना इंग्रजीत बॅस म्हणतात. अमेरिकेचा लार्जमाउथ बॅस गोड्या पाण्याचा, युरोपचा सी बॅस समुद्राचा, दोघांची कुळं वेगळी. म्हणून नोंदीत 'काटेरी परांच्या अनेक शिकारी माशांचं इंग्रजी नाव' एवढंच लिहा.

तुमच्या माहितीपत्रकात बहुतेक 'एशियन सी बॅस' असेल. तो म्हणजे कोकणातला जिताडा, बंगालचा भेटकी, ऑस्ट्रेलियाचा बॅरामुंडी. शास्त्रीय नाव लॅटेस कॅल्केरिफर. खाडीत राहतो, गोड्या पाण्यातही वाढतो, पण अंडी खाऱ्या पाण्यातच घालतो. आपल्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, त्याची पिल्लावळ होणार नाही, बीज दर वेळी बाहेरूनच आणावं लागतं. आणि तो मांसाहारी हाये. रोहू-कतल्याच्या बोटुकल्यांसोबत सोडला तर तलाव त्याचाच, पैसा तुमचा. हे वाक्य कोशात नका टाकू, पण ढीवरांच्या (मासेमारांच्या) संस्थेतल्या पोरांना सांगा.

हॉटेलातला बासा हा बॅस नाहीच. तो कॅटफिश, म्हणजे शिंगूर-मांगूरच्या मोठ्या गटातला, मिशीवाला. खरा बासा मेकाँग नदीतला पंगासियस बोकोर्टी. बाजारात बासा म्हणून जास्त करून मिळतो तो त्याचा भाऊबंद, आपल्याकडे पाळतात तो पंगस. ओळख सोपी : जिताड्याला खवले आणि पाठीवर कडक काटे, पंगसाला खवलेच नाहीत आणि अंग गुळगुळीत. पण हॉटेलात कातडी काढलेला पांढरा तुकडा येतो, तिथे ही ओळख कामाची नाही.

नकाशावाला
आडनावाचं थोडक्यात. उच्चार माशासारखाच, 'बॅस'. मूळ बहुधा जुन्या फ्रेंचमधलं 'बा', ठेंगण्या माणसाला पडलेलं नाव, काही घराण्यांत मासळीवरून. कोशात ते बॅस २ करा आणि पुढे 'विशेषनाम' लिहा. बॅसची सामुद्रधुनी याच खाली येते : ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधली. जॉर्ज बॅस हा आरमारातला शल्यचिकित्सक. त्याने आणि मॅथ्यू फ्लिंडर्सने १७९८-९९ मध्ये टास्मानियाला जहाजाने फेरी मारली आणि ते बेट आहे हे सिद्ध केलं. भरतीच्या पोरांनी सामुद्रधुनीचा संबंध माशाशी जोडू नये म्हणून हे लागतंच.

झाडीतला वाचक
बेस झालं! दोन शंका. 'बॅस'पुढे सरळ जिताडा लिहिलं तर? आणि ॲ-काराचा क्रम कुठे?

तलावकाठ
सरळ नको. 'सी बॅस, एशियन : जिताडा' अशी पोटनोंद करा. नुसत्या बॅसला जिताडा लिहिलं तर अमेरिकेच्या तळ्यातलाही जिताडाच होईल.

शब्दवेध
ॲ-कार ए-काराच्या आधी घ्या : बस, बास, बासा, बॅस १, बॅस २, बेस १, २, ३. संगणकावर साधी क्रमवारी लावली तरी सहसा हाच क्रम पडतो. फक्त यादी टाइप करणाऱ्या सगळ्यांनी 'बॅस' एकाच पद्धतीने टाइप करावा. कोणी घाईत 'बँस' असा चंद्रबिंदू देतं, आणि ती नोंद 'बस'च्याही वर जाऊन बसते. छापण्याआधी 'बँ' शोधून एकदा चाळून घ्या, त्यात बँक आणि बँड तेवढे बरोबर असतील.