पाचव्या लेव्हलच्या तोंडावर किती खजिना द्यावा?

तटबंदी
डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा फाशांचा भूमिकाखेळ, फिफ्थ एडिशन, २०१४चे नियम. खेळ चालवणं माझ्याकडे. पार्टीत चौघे: फायटर (तलवार-ढाल, चेन मेल, स्ट्रेंग्थ १८), क्लेरिक (पुजारी), रोग (Rogue, चोर) आणि विझर्ड (जादूगार). चौथी लेव्हल संपत आली आहे. पुढच्या सेशनला हॉबगॉब्लिन कॅप्टनचा किल्ला पडेल आणि सगळे पाचव्या लेव्हलला जातील. ०–४ चॅलेंज रेटिंगच्या (शत्रू किती अवघड त्याचा आकडा) होर्ड टेबलवर, म्हणजे खजिना फाशांनी ठरवायच्या तक्त्यावर, ९८ पडले, म्हणजे जी टेबलवरची (जादुई वस्तूंचा एक तक्ता) एक वस्तू. तिथे निघाली +२ लाँगसोर्ड (हल्ल्यात आणि डॅमेजमध्ये +२)! नाणी मात्र जेमतेम दोनशे सोन्याची, आणि फायटरचा डोळा प्लेट आर्मर या महागड्या चिलखतावर. तलवार जशीच्या तशी देऊ, की फासे बाजूला ठेवून यादी स्वतः करू?

बेरीजवाला
तलवारीचा हिशेब आधी. आत्ता तुमच्या फायटरचा हल्ला +६. एसी (आर्मर क्लास, मार लागायला गाठायचा आकडा) १५च्या शत्रूला वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा वर लागतात, म्हणजे ६० टक्के, आणि सरासरी डॅमेज ८.५. हल्ल्यामागे ५.१ पडले. +२ तलवारीने ७० टक्के आणि १०.५, म्हणजे ७.३५. क्रिटिकल (२० पडल्यावरचा जास्तीचा मार) सोडून ४४ टक्के वाढ! त्यात पाचव्या लेव्हलला दुसरा हल्ला मिळतो, त्यामुळे हा फरक प्रत्येक टर्नला दोनदा दिसणार. रोग आणि विझर्डच्या पदरात काहीच नसेल तर ते लगेच लक्षात येतं.

दुर्मिळतेचे टप्पे पाहिले तर रेअर वस्तू (+२ तलवार त्यातलीच) पाचव्या लेव्हलपासून चालतात, त्यामुळे नियमाच्या दृष्टीने ती चूक नाही. तरी मी +१ देईन. किंवा ‘झॅनाथार’ या पूरक नियमपुस्तकातली मून-टच्ड तलवार: बोनस शून्य, अंधारात उजेड पाडते, पण हत्यार जादुई धरलं जातं. साध्या हत्यारांना रेझिस्टन्स असलेले (अर्धाच मार लागणारे) राक्षस पुढे येणारच आहेत, तेव्हा तेवढंही पुरतं.

आणि जे काही द्याल ते कॅप्टनच्या हातात आधी दिसू दे. पेटीत पडून राहिलेली तलवार लढाईत वापरली का नाही, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. फक्त त्याच्या हल्ल्यात आणि डॅमेजमध्ये तो बोनस मिळवायला विसरू नका.

रत्नपारखी
तलवारीपेक्षा पैशाकडे बघा. या टप्प्यात पूर्ण कॅम्पेनसाठी सात होर्ड धरलेले आहेत. एका होर्डमध्ये सरासरी १९६ सोन्याच्या किमतीची नाणी, रत्नं आणि कलावस्तू धरून साधारण पावणेचारशे. सातांचे मिळून सव्वीसशेच्या आसपास, तेही चौघांत. प्लेट १५०० ला. ती आत्ता सोय करून दिलीत तर निम्म्याहून जास्त खजिना एकाच्या अंगावर गेला. थांबा थोडं. ५–१० च्या टेबलवर एका होर्डमध्ये नाणीच सरासरी ३,८५७ सोन्याची असतात, आणि असे १८ होर्ड. प्लेट आपोआप येईल. खरी पंचाईत तेव्हा पैसा कुठे खर्च करायचा ही होते.

आता जे टेबल कधीच देणार नाही ते: हिरे. पाचव्या लेव्हलला क्लेरिकला रिव्हिव्हिफाय (नुकत्याच मेलेल्याला उठवणारं स्पेल) मिळतं. त्याला ३०० सोन्याचे हिरे लागतात आणि ते खर्ची पडतात. डंजन मास्टर्स गाइडमधल्या रत्नांच्या यादीत हिरा फक्त ५,००० च्या गटात आहे, म्हणजे खालच्या टेबलांवर कितीही फासे टाका, तो निघणार नाही. आयडेंटिफाय या वस्तू ओळखायच्या स्पेलला लागणारा मोती मात्र १०० च्या गटात सापडतो. तुम्ही मुद्दाम एक ३०० चा हिरा ठेवला नाहीत, तर क्लेरिककडे स्पेल असूनही पहिला मेलेला मेलेलाच.

विझर्डला स्क्रोल (एका स्पेलची गुंडाळी) देऊ नका, शत्रूच्या जादूगाराचं स्पेलबुक द्या. स्क्रोलवरून स्वतःच्या पुस्तकात उतरवताना आर्केना चेक (जादूच्या ज्ञानाची फाशांवरची परीक्षा) लागतो, तिसऱ्या लेव्हलच्या स्पेलला डीसी (गाठायचा आकडा) १३, आणि जमो न जमो, स्क्रोल नष्ट होतो. पुस्तकावरून चेक नाही आणि पुस्तक शाबूत राहतं. खर्च दोन्हीकडे तोच: लेव्हलमागे ५० सोनं आणि दोन तास. तीन स्पेल्सचं पुस्तक म्हणजे पुढचे काही शेकडे आपोआप जिरतात.

जुना_फासा
इतकं मोजूनमापून दिलं की खजिना किराणा यादीसारखा होतो. बेसिकच्या (डी अँड डीची जुनी आवृत्ती) काळात एका सोन्यामागे एक एक्सपी (अनुभवाचा गुण) होता, म्हणून कुठलंही नाणं महत्त्वाचं होतं. आता पैशाची किंमत तो काय विकत घेतो एवढीच, हे मान्य. पण कोणाच्याच उपयोगाची नसलेली एखादी वस्तू राहू द्या, खेळाडू तिचं काहीतरी करतातच.

एक मात्र जपा: दुर्मिळतेच्या लेबलवर विसंबू नका. ब्रूम ऑफ फ्लाइंग (उडता झाडू) नावाला अनकॉमन (रेअरच्या खालचा टप्पा), अट्यूनमेंटही (वस्तूशी स्वतःला बांधून घेणं) लागत नाही, आणि टर्नला ५० फूट उडतो. तो दिलात की खंदक, भिंती आणि दऱ्या यांवर आखलेलं सगळं बाद. +१ ढाल त्यापेक्षा कितीतरी निरुपद्रवी.

तटबंदी
ठीक, पटलं. कॅप्टनकडे +१ लाँगसोर्ड, जादूगाराचं पुस्तक, हिरा. आणि कॅप्टनचं हाफ प्लेट चिलखत विकायला आले तर? ७५० किंमत आहे.

रत्नपारखी
नव्यासारखी हत्यारं-चिलखतं अर्ध्या किमतीला जातात, पण राक्षसांनी वापरलेली सहसा विकण्याजोगी नसतात, असं नियमातच आहे. ठोकलेलं, पट्टे तुटलेलं दाखवा. रत्नं आणि कलावस्तू पूर्ण किमतीला जातात, म्हणून जास्तीचा पैसा तिथे घाला. तांब्याची नाणी तर काढूनच टाका: सरासरी २,१०० नाणी, ५० नाण्यांना एक पौंड धरून ४२ पौंड ओझं, आणि किंमत २१ सोनं. त्याऐवजी कॅप्टनच्या तंबूत रोगसाठी फौजेच्या पगाराची कुलूप लावलेली पेटी ठेवा, आत २५ सोन्याचे चार चांदीचे पेले.