‘बिफोर आय वेक’मधलं खरं भूत कोण, कॅन्कर मॅन की आई? (शेवट फोडलाय, बघायचा असेल तर आधी बघून या)

रात्रपाळी:
न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात. दिग्दर्शक माइक फ्लॅनगन. जेसी आणि मार्क यांचा मुलगा शॉन बाथटबमध्ये बुडून गेलेला. ते आठ वर्षांच्या कोडीला सांभाळायला घरी आणतात. तो झोपला की त्याचं स्वप्न घरात खरं होतं: आधी फुलपाखरं, मग शॉन, आणि वाईट स्वप्न पडलं की माणसं गिळणारा कॅन्कर मॅन.

लोक म्हणतात, ‘भीती वाटतच नाही.’ चुकीच्या जागी शोधतात म्हणून. कोडीनं जेवढं पाहिलंय तेवढंच त्याच्या स्वप्नात येतं. त्यानं शॉनचा फक्त फोटो पाहिलेला, म्हणून जेसी त्याला घरचे जुने व्हिडिओ दाखवायला बसते. लाडानं नव्हे, नक्कल सुधारावी म्हणून. पुढे पोर झोपेनाच, तर झोपेचं औषध. माझ्या लेखी सिनेमातलं भूत तीच.

अंबाझरी:
औषधावरच तर सगळं गडगडतं. स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत पडतात, म्हणजे पापणीआड बुबुळं भराभर फिरतात ती झोप. ती लागायला साधारण दीड तास जातो आणि पहाटेकडे तिचा वाटा वाढतो. झोपेची बरीच औषधं हीच झोप कमी करतात. म्हणजे जेसीनं औषध दिलं तर पोर गाढ पडेल, पण शॉन यायचा नाही. सिनेमात मात्र डोळा लागला की फुलपाखरं हजर.

रात्रपाळी:
हे मान्य. पण दुसरी बाजू पटकथेनं नकळत बरोबर पकडलीय. कोडी झोप टाळायला कॅफीनवर जागतो. कॅफीन झोपेची ओढ निर्माण करणाऱ्या अडेनोसिनची वाट अडवतं. मोठ्या माणसाच्या अंगातून त्याचा निम्मा भाग उतरायलाच पाच-एक तास लागतात. जागरण साचलं की शरीर पुढच्या झोपेत रेमची थकबाकी वसूल करतं आणि स्वप्नं जास्त ठसठशीत पडतात. पोर जितकं जागणार, तितका कॅन्कर मॅन बळावणार.

सावजी_रस्सा:
तुम्ही लोक काहून त्या बाईच्या मागे लागून राहिले? पोटचं पोर गेलेल्या आईले तेच पोर रोज रात्री दिवाणखान्यात दिसलं तर ती काय पुस्तक उघडून रेम मोजन? बापालेही पहिल्या रात्री सोडवलं नाही न. सिनेमाची चूक शेवटी आहे. कॅन्कर म्हणजे पोरानं चुकीचा ऐकलेला कॅन्सर, आणि तो राक्षस म्हणजे दुखण्यानं सुकलेल्या सख्ख्या आईची आठवण, एवढं त्या आईच्या डायरीतून कळलं की थांबायचं. मग बाई पुन्हा पोराले बसवून समजावत बसते. जेवण झाल्यावर वाढप्या पाककृती सांगून राहिला!

अंबाझरी:
वाढप्याचं पटलं. पण बाप पुढे विरोध करतो, तेही धरा. आठ वर्षांच्या मुलाला फसवून गुंगी देणं आणि दुःखात वाहवणं एका तराजूत नको. त्याच गुंगीमुळे वेळ आल्यावर पोराला जागं करता येत नाही, आणि नवरा जातो.

कूलर_नंबर_तीन:
भीती का वाटत नाही याचं नागपुरी कारण मी सांगतो: मे महिना आणि खोलीत कूलर. या सिनेमाचा धाक बारीक आवाजात आहे. पावलं, कुजबूज, पंखांची फडफड. तिसऱ्या स्पीडच्या घरघरीत तेवढंच गिळलं जातं आणि उरतात फक्त मोठे दणके. त्यात टीव्हीचा ‘नाइट मोड’ चालू असेल तर तो बारीक आवाज वर उचलतो नि दणका खाली दाबतो. शांतता आणि दणका यांतला फरकच संपला. तो बंद करा, कानाला हेडफोन लावा. चित्राचा ‘व्हिव्हिड’ही काढा, नाहीतर अंधारातला कॅन्कर मॅन लग्नाच्या व्हिडिओत उभा असल्यासारखा दिसतो.

संत्र्याची_साल:
मला वेगळाच प्रश्न पडलाय. मराठी डबिंग करायचं तर कॅन्करचं काय करणार? ‘कर्करोग’वरून ‘करकऱ्या’ सुचतं. दात करकरा खाणारा.

सावजी_रस्सा:
नाव झकास, पण घरात कर्करोग म्हणते कोण बाप्पा? तो शब्द तुकडोजी रुग्णालयाच्या पाटीवर. घरात आवाज खाली करून म्हणतात, ‘गाठ निघाली.’

संत्र्याची_साल:
मग पोराच्या कानावर तेच पडेल. आईला गाठ निघाली. आई गेली तेव्हाच्या तीन-चार वर्षांच्या मुलाला गाठ म्हणजे चड्डीच्या नाडीची, ओढली की आणखी घट्ट होणारी. त्याच्या स्वप्नातला राक्षस गिळणार नाही, आवळेल. नाव ‘गाठ्या’.

अंबाझरी:
हे मूळपेक्षा बरं. कॅन्कर मॅन तोंड उघडतो तिथे तो नेहमीचा सिनेमातला राक्षस होतो. गाठ्याला तोंड लागतच नाही, दोरी पुरते. आणि कुणी उलगडून सांगायचीही गरज नाही, मराठी प्रेक्षकाला गाठ ऐकताक्षणी कळतं.

रात्रपाळी:
पण शेवटी जेसी त्या राक्षसाला मिठी मारते, त्याचं काय? गाठ्याला मिठी मारून कसं चालेल, ती तर अजून आवळेल.

संत्र्याची_साल:
मिठी नाहीच. तिनं खाली बसून ती सोडवायची. नखानं, न ओढता.