पक्षाघातानंतर डावीकडचे दिसत नाही. वाहन परवान्याचे नूतनीकरण करावे का?

प्रश्न (फोंडा): माझ्या वडिलांना सात महिन्यांपूर्वी मेंदूच्या मागच्या उजव्या भागात पक्षाघात झाला. हातापायांत पूर्ववत ताकद आली, बोलणेही स्पष्ट आहे. मात्र दोन्ही डोळ्यांना डावीकडचे अर्धे दिसत नाही. दरम्यान परवान्याची मुदत संपली. २५ मीटरवरची नंबरप्लेट ते सहज वाचतात, त्यामुळे नमुना १-अ वर (परवान्यासाठीचे वैद्यकीय प्रमाणपत्र) डॉक्टरांची सही घेतली की काम झाले, असे त्यांना वाटते. मला ते पटत नाही, पण नकार देताना त्यांच्याकडे पाहवतही नाही.

उत्तर (मडगाव): मी नेत्रतपासणीचे काम करते. नंबरप्लेट वाचण्यातून केवळ मधल्या नजरेची तीक्ष्णता कळते, आणि या विकारात ती बहुधा शाबूत राहते. गेलेल्या भागात काळोख दिसत नाही, मेंदू ती जागा आपणच भरून काढतो. म्हणून ‘मला सगळे दिसते’ असे रुग्ण अगदी प्रामाणिकपणे सांगतो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस आणि डावीकडून घुसणारी दुचाकी नेमकी त्याच भागात येतात. दोन्ही डोळे उघडे ठेवून पेरिमेट्री, म्हणजे नजर स्थिर असताना आजूबाजूचे कुठवर दिसते याचा नकाशा काढणारी तपासणी, करून घ्या. डावीकडे लक्षच न जाणे हा वेगळा दोष असून त्याचीही तपासणी हवी. आपोआप होणारी सुधारणा मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते, सहा महिन्यांनंतर फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. मान व नजर वळवून शोधण्याचा सराव मात्र आजही उपयोगी पडेल.

उत्तर (म्हापसा): माझा भाऊ इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो, त्यालाही हेच झाले. तिथे दोन्ही डोळ्यांचे मिळून किमान १२० अंश आडवे दृष्टिक्षेत्र लागते. ते नसल्यास, दोष १२ महिने जुना व स्थिर असून रुग्ण त्याला सरावला आहे असे डॉक्टरांनी सांगितले, तरच अपवाद म्हणून प्रत्यक्ष गाडी चालवून परीक्षा देता येते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६ नुसार आजारामुळे अपात्र ठरलेल्याचा परवाना रद्द होऊ शकतो. त्याविरुद्ध कलम १७ खाली ३० दिवसांत अपील करता येते. त्यामुळे आजार लपवून सही घेऊ नका.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात पेरिमेट्रीसाठी नेतो आणि तो नकाशा डॉक्टरांनी बाबांनाच समोर ठेवून समजावावा, अशी विनंती करतो. तोवर त्यांना फोंड्याच्या बाजारात मी नेईन.